दोघांनी जायचं, एकानं परतायचं

जुना जालना,
शनिवार, १२ एप्रिल २०२५

कल्याण,

सप्रेम जय भीम.

तुमच्याकडं सगळे खुशाल असतील. लग्नघर म्हणल्यावर धावपळ असणारच, त्यात हा उन्हाळा. आप्पांना आणि काकूंना जपा. आमच्याकडं सगळं ठीक. परवा जयंती आहे, गल्लीत निळ्या पताका लागल्यात, आईनं घर धुऊन काढलंय आणि भाऊ मिथुन मिरवणुकीच्या तयारीत असा गुंतलाय की जेवणापुरतं बी तोंड दाखवत न्हाई. स्टुडिओत लगीनसराईचं काम तुंबलंय. दिवसभर मी दुसऱ्यांच्या हळदी आणि वराती अल्बमात बसवून राह्यले.

नावाच्या आधी 'प्रिय' न्हाई, ते घाईत राहिलं असं समजू नको. लिहिलं होतं. मंग कागद बदलला.

मोबाइलवर लिहायला बसले की तू ऑनलाइन दिसतोस आणि माझं निम्म्यातच थांबतं, म्हणून हा कागद. बोलते तसंच लिहिते. शाळेतल्या मराठीत लिहायला गेले तर माझी मलाच मी खोटी वाटीन.

पहिल्यांदा कॅमेऱ्याच्या सामानाच्या बॅगचं सांगते, म्हणजे नंतर राहून जायला नको. तुझ्या नवीन जालन्यातल्या ऑफिसच्या गेटवर बद्रीनाथ काकांकडं ठेवून जाणार आहे. काका विचारतील, साहेबांना वर बोलवू का. मी न्हाई म्हणणार आहे.

मोठी लेन्स आत आहे. आपण दोघांनी मिळून घेतलेली, पण ती तुझ्याकडंच राहू दे, त्यावरून आपल्यात बोलणं नको. पुढच्या काचेला आतून, कडेला, बुरशीचा बारीक ठिपका धरायला लागलाय. टॉर्च तिरपा मारून बघ, दिसेल. अजून फोटोत उतरत न्हाई, पण पावसाळ्यात वाढेल. मागच्या पावसाळ्यात कुणीतरी सांगितलं म्हणून तू एवढी लेन्स तांदळाच्या डब्यात खुपसल्ती, आणि रिंगमध्ये शिरलेलं पीठ मी ब्रशनं काढत बसल्ते, आठवतं का? आता डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकल्यात. निळ्या आहेत. गुलाबी झाल्या की तव्यावर कोरड्या गरम करायच्या, परत निळ्या होतात. तवा मात्र वेगळा घे, काकूंच्या भाकरीच्या तव्यावर असलं काही करू नको, विषारी असतं ते.

जीन्सच्या पायाची शिवलेली उशी बी आहे. तिच्यातल्या ज्वारीला किडे लागले होते, म्हणून ज्वारी काढून तूर भरली. गाडीच्या खिडकीवर टाकायची आणि वर लेन्स टेकवायची, मंग हात हलला तरी लेन्स हलत न्हाई. तुला ट्रायपॉडचा सोस, पण गाडीत बसून काळवीट टिपायचा तर उशीच लागते, हे तू कधी कबूल केलं न्हाईस. आणि पाल. ज्याला तू ऐटीत 'हाइड' म्हणतोस आणि मी पाल म्हणते, ते लपून बसायचं बारदानाचं मातकट कापड, बांबू, खुंट्या, सगळं. उजव्या बाजूची फाटलेली शिवण मी नीट केली.

बाकीचं तुला येतं, तरी सांगते, सवय आहे माझी. वारा आपल्या तोंडावर येईल असं बस, पाठीवरून जाईल असं बसू नको. पांढरा शर्ट घालू नको. अत्तर तर बिलकुल लावू नको. पहिल्या दिवशी तू लग्नाला निघाल्यासारखा घमघमत आल्तास आणि वर मलाच विचारत होतास की काळवीट एवढ्या लांबून का पळाला. आणि आडवं झोपायला लाजू नको. माणूस जमिनीला छाती लावून झोपला तरच खोकडीच्या डोळ्याला त्याचा डोळा बराबर मिळतो. उभं राहून काढलेल्या फोटोत जनावर गरीब दिसतं.

तुझी लग्नाची पत्रिका मिळाली. स्टुडिओच्या पत्त्यावर पाठवलीस, घरच्या न्हाई, ते बी बघितलं. राजनंदिनी छान नाव आहे. फोटो बी बघितला तिचा. चेहऱ्यावर डाव्या बाजूनं उजेड घेतला तर जास्त खुलेल, हे कामाच्या सवयीनं मनात आलं आणि मंग माझंच मला कसंतरी झालं.

फोनवर तू म्हणालास, "लग्नाचे फोटो तूच काढ, संध्या. दुसऱ्या कोणावर माझा भरवसा न्हाई." आणि म्हणालास, "लग्नानंतर बी आपलं माळावरचं काम चालूच ठेवू. तिला काई प्रॉब्लेम न्हाई, मी विचारलं." मी 'बघते' म्हणाले आणि फोन ठेवला. तुला वाटलं असेल, गिऱ्हाईक होतं समोर. गिऱ्हाईक नव्हतं. मी खुर्चीवर नुसती बसून राहिले. मालकांनी दोनदा विचारलं, काय झालं, तर मी म्हणलं चक्कर आली.

म्हणून हे उत्तर. ते देण्याआधी मला थोडं मागं जावं लागेल. तुला ते दिवस माहीत आहेत, पण माझ्या बाजूनं माहीत न्हाईत.

तुमच्या शेताच्या वरच्या अंगाला असलेल्या पडीक माळावर खोकडीचं बीळ तुलाच पहिल्यांदा दिसलं. कोल्ह्याच्या जातीचं जनावर, हुशार. माणूस पालात शिरताना बघितलं की माणूस निघून जाईपर्यंत ती बाहेर येत न्हाई. पण तिला मोजता येत न्हाई. दोन माणसं आली आणि एक गेलं, की तिच्या लेखी सगळे गेले. म्हणून आपली रीत ठरली. दोघांनी जायचं, एकानं परतायचं. आत तू बसायचास. परतायची मी. तू म्हणायचास, "तुझं चालणं लांबून ठसठशीत दिसतं, खोकड बराबर फसते." मी केशरी ओढणी घालून यायची, तिला चांगली दिसावी म्हणून, आणि रमत गमत वाटेवरच्या कडुलिंबापर्यंत जाऊन तिथं सावलीत तुझी वाट बघत बसायची. पाणवठ्यावर, गाडीतून, मी पुष्कळ फोटो काढले. बिळापाशी कधीच आत बसले न्हाई. त्याचं मला वाईट बी वाटलं न्हाई. तुला चांगला फोटो मिळाला की तू ज्या तोंडानं पालातून बाहेर यायचास, ते बघायला मी उन्हात बसायची.

वाटेवरून कोणी आलं तर तुला कळावं म्हणून त्या झाडाच्या बाजूला पालाला दुसरं भोक मीच पाडलं. कातर माझी होती.

आपल्याबद्दल घरी सांगायचं काय ठरलं होतं, ते मी इथं लिहून ठेवते. तू म्हणल्तास, आपण होऊन विषय काढला तर आप्पा बिथरतील. ते ज्या दिवशी आपण होऊन विचारतील, त्या दिवशी सांगू. मी म्हणलं, आणि मला एकटीला गाठून विचारलं तर? तू म्हणल्तास, "तू एकटी असायचीच न्हाईस. मी तिथल्या तिथं येऊन तुझ्या बाजूला उभा राहीन." मी त्यावर विसंबून होते. आईला बी तेच सांगितलं होतं.

मार्चातल्या त्या रविवारी दुपार कलायला लागली होती. तुला आत बसवून मी झाडापाशी पोचले, तेवढ्यात आप्पा मोटारसायकलवर आले. गाडी थांबवली, माझ्याकडं बघितलं.

"कुणाची गं तू?"

मी माझं नाव सांगितलं, बाबांचं नाव सांगितलं, गल्ली सांगितली. गल्ली ऐकल्यावर बाकीचं त्यांना समजलं. चेहरा बदलला, पण आवाज बदलला न्हाई, हे मी त्यांच्या बाजूनं लिहिते.

"कल्याणसंगं फोटो काढती ती तूच का?"

"हो."

"तो कुठं हाय?"

मी पालाकडं बोट केलं. "आत आहे."

त्यांनी तिकडं बघितलं. मंग म्हणाले, "पोरी, त्याचं लगीन जमवून राह्यलो आम्ही. पाव्हणे येऊन गेले. खरं सांग, मी ओरडणार न्हाई. तुमच्यात काई हाय का?"

कल्याण, मला आनंद झाला होता. वाटलं, विचारलं एकदाचं. आता हा उठेल. मी म्हणलं, "तो येऊन सांगेल, आप्पा. आम्ही दोघं मिळून सांगणार होतो. थांबा थोडं."

आणि ते थांबले. गाडीवरच एका बाजूनं बसून राहिले. मी पाण्याची बाटली पुढं केली तर नको म्हणाले. तहान नव्हती की दुसरं काही, मला माहीत न्हाई. मी तुला हाक मारली न्हाई. त्यांनी बी मारली न्हाई. त्यांना बी बघायचं होतं, तू उठतोस का. आम्ही दोघं, तुझा बाप आणि मी, एकाच दिशेला तोंड करून तुझी वाट बघत होतो. पालाचं कापड हललं न्हाई.

शेवटी ते उठले. गाडीला किक मारायच्या आधी म्हणाले, "तो काई येत न्हाई, पोरी. जा घरी, ऊन हाय."

शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मला माझी बाजू धरून भांडता आलं असतं. त्यांनी माझी कीव केली.

ते गेल्यावर मी खाली बसले आणि तोंडात ओढणी कोंबून रडले. खूप वेळ. कोणी बघत न्हाई, असं समजून माणूस जसं रडतं तसं. मंग बाटलीतल्या पाण्यानं तोंड धुतलं आणि तू यायच्या आत ओढणी नीट केली.

अंधारून आल्यावर तू बाहेर आलास आणि म्हणालास, "आज खोकड बिळातून निघालीच न्हाई. दिवस वाया गेला." तू बोलशील म्हणून थांबले. गाडीवर जालन्यापर्यंत तू पाऊस लवकर येणार का, यावर बोलत होतास.

पुढच्याच आठवड्यात तुझा साखरपुडा झाला. तेव्हा मी विचारलं, आप्पा झाडाखाली आल्ते तेव्हा तू का उठला न्हाईस? तू चकित होऊन म्हणालास, "आप्पा आल्ते? अगं, मी खोकडीवर डोळा लावून बसल्तो, मला झाडाखालचं कसं दिसणार?" आणि मी ते खरं मानलं. आईला सांगितलं, त्याला दिसलंच न्हाई गं, त्याचा काय दोष. आई म्हणाली, "असंल बाई." त्या दिवशी खोकड निघालीच न्हाई, हे तूच सांगितलं होतंस. मोटारसायकलच्या आवाजानं ती आत दडून बसली होती, मंग कुठल्या खोकडीवर तुझा डोळा होता? एवढी साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली न्हाई. माणसाला पटवून घ्यायचं असलं की तो काहीही पटवून घेतो.

पत्रिका आल्यावर मला एकदा ती पिल्लं बघावीशी वाटली. मोठी झाली की बीळ सोडून जातील. मी एकटीच गेले, पालात बसले. खोकडीनं मला शिरताना बघितलं होतं, परत कोणी गेलं न्हाई, म्हणून ती बाहेर आलीच न्हाई. अंधार पडायला लागला तशी उठून आले.

घरी आईनं विचारलं, कुठं गेल्तीस. मी खरं सांगितलं. तिनं भाकरी थापता थापता विचारलं, "मला नुसतं जायचं आन् परत यायचं ना? फोटो तर काढायचा न्हाई?" म्हणलं, हो. "मंग चल की."

तिचे गुडघे तुला माहीत आहेत. तरी आली. नवी हिरवी साडी नेसून आली, मी म्हणलं होतं की लांबून दिसायला पाहिजे. पालापर्यंत माझ्यासोबत चालली, "हेच का ते" म्हणाली आणि माघारी फिरली. दर थोड्या पावलांनी वळून बघत होती. मी आतून मनात म्हणत होते, अगं वळू नको, खोकडीला संशय येईल.

खोकडीला संशय आला न्हाई. आली ती. आधी कान, मंग तोंड, मंग सगळी. मागून पिल्लं, एकमेकांच्या शेपट्या ओढत. उजेड कडेनं येत होता, तिच्या कानाच्या केसांतून आरपार. मी शटरचा आवाज बंद केला होता, डोळ्यावर फोकस धरला होता, बोट टेकवलं होतं. असा फोटो आपल्याला चार वर्षांत मिळाला न्हाई.

आणि मला वाटलं, आई पोचली का झाडापाशी, एकदा बघावं. दुसऱ्या भोकातून लेन्स फिरवली.

कल्याण, सगळं दिसतं. मुद्दाम सांगते, मी बराबर त्याच वेळेला बसले होते, म्हणजे उन्हानं हवा नाचत होती असं तुला म्हणता येऊ नये. तिच्या कपाळावरचं कुंकू दिसत होतं, पदराला लागलेलं कुसळ दिसत होतं. ती खाली बसली होती आणि रडत होती. कोणी बघत न्हाई असं समजून. माझ्यासमोर गेल्या महिनाभरात ती एकदा बी रडली न्हाई.

तेव्हा मला कळलं, तुला त्या दिवशी काय काय दिसलं. आप्पा दिसले. मी तुझ्याकडं केलेलं बोट दिसलं. मी ओढणी तोंडात कोंबली ते बी दिसलं. आणि अंधार पडेपर्यंत तू आत बसून राहिलास.

मी उठले. सरळ उभी राहिले, बांबूला डोकं लागलं, अख्खं पाल हललं. खोकड पिल्लांसकट गडप झाली. मी फोटो काढला न्हाई. धावत झाडाकडं गेले. आईनं घाईघाईनं डोळे पुसले आणि म्हणाली, "एवढ्या जल्दी? झाला का फोटो?" मी तिच्याजवळ बसले. ती म्हणाली, "जनावर पळालं असंल की गं." म्हणलं, पळू दे.

उठायला काही लागत न्हाई. गुडघ्यावर हात ठेवायचा आणि उठायचं. माझी आई नुसती रडत होती, तिला कोणी काही विचारत बी नव्हतं, तरी मला आत बसवलं न्हाई. तू कसा बसलास, याचा विचार करून करून माझं डोकं फिरायची वेळ आली. तू भ्यालास हे मला समजतं. भीती मला बी होती, माझ्यासमोर तर तुझा बाप उभा होता. पण भ्यालो म्हणून सांगितलं असतंस, त्याच संध्याकाळी गाडीवर सांगितलं असतंस, तर मी तुला सोडलं नसतं. तू पावसाचं बोललास.

आता उत्तर. लग्नाचे फोटो मी काढणार न्हाई. मालकांना सांगितलंय, स्टुडिओतला सोमेश्वर येईल, त्याचा हात चांगला आहे आणि तो उशीर करत न्हाई. माळावर बी मी परत येणार न्हाई, तुझ्यासोबत तर न्हाईच. राजनंदिनीला बीळ दाखवायला नेलंस तर तिला आत बसव आणि तू बाहेर पड. तिला एकटीला त्या झाडाखाली उभी करू नको.

तू मला आवडत होतास. आवडतोस. हे लिहायला मला लाज वाटत न्हाई, चार वर्षं मी काही चोरी केली न्हाई. रोज सकाळी उठल्यावर पहिल्यांदा वाटतं की झालं ते सपान होतं, मंग पत्रिका दिसते. जेवण जात न्हाई. स्टुडिओत कोणाचे बी सात फेरे आले की मी मशीन बंद करून पाणी प्यायला जाते. हे कमी होईल म्हणतात. अजून झालं न्हाई.

एकच मागणं आहे. माझं तुझ्याकडं दुसरं काही न्हाई. त्या दिवशी मी आप्पांना म्हणाले होते, तो येईल आणि सांगेल. तू आला न्हाईस, म्हणून त्यांच्या लेखी मी उगाच गळ्यात पडणारी, मोठ्या घरचं पोरगं बघून मनानं रचणारी पोरगी ठरले. त्यांना सांग, ती खोटं बोलत नव्हती. लग्नाआधी सांगायची भीती वाटत असेल तर लग्न झाल्यावर सांग. वर्षानं सांग. पण त्यांच्या जिवात जीव आहे तोवर सांग. ते माझ्यासोबत उन्हात थांबले होते.

या पत्राला उत्तर लिहू नको. आलं तर मी वाचीन, आणि वाचलं की परत तुझ्याच बाजूनं विचार करायला लागीन.

संध्या